आरमध्ये ओळींना नावे द्यावीत का?

आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेबद्दल आलेल्या एका प्रश्नात तीन अडचणी एकत्र आल्या आहेत. मॅट्रिक्सवर (एकाच प्रकारच्या घटकांच्या चौकटीवर) 'नेम्स' चालवले की 'नल', म्हणजे 'काहीच नाही', मिळते, डेटा फ्रेमवर (वेगवेगळ्या प्रकारच्या कॉलमांच्या तक्त्यावर) मात्र तेच फंक्शन कॉलमांची नावे देते. डेटा फिल्टर केल्यावर ओळींचे क्रमांक ३०, ६२, ८६ असे तुटक दिसायला लागतात. आणि एक सीएसव्ही (स्वल्पविरामांनी खण वेगळे केलेली) फाइल वाचताना 'डुप्लिकेट रो.नेम्स आर नॉट अलाउड' असा एरर देऊन आर थांबते. मग या सगळ्याला वैतागून विचारले आहे की ओळींना नावे द्यावीत, की त्या भानगडीत पडूच नये?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी. डेटा फ्रेममध्ये देऊ नका, मॅट्रिक्समध्ये दिल्याशिवाय राहू नका. डेटा फ्रेममध्ये ओळीची ओळख ठेवायला कॉलम असतो, तिथे ती ठेवावी. मॅट्रिक्समध्ये तशी जागाच नसते, कारण सगळे घटक एकाच प्रकारचे असावे लागतात. आकड्यांच्या मॅट्रिक्सला तुम्ही रुग्णाचा किंवा नमुन्याचा आयडी अक्षरांत जोडलात, तर सगळे आकडे मुकाट्याने अक्षरे होऊन बसतात. म्हणून तिथे नावांचाच आधार.

(फंक्शनांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोड लिहिणाऱ्याला ती ओळखू येतील.)

आता 'नेम्स'चा घोळ. डेटा फ्रेम ही आतून एक लिस्ट आहे, आणि प्रत्येक कॉलम हा त्या लिस्टचा एक घटक. त्यामुळे 'नेम्स' म्हणजे घटकांची नावे, म्हणजेच कॉलमांची नावे. 'लेंग्थ' विचारली तर कॉलमांची संख्या मिळते, ओळींची नाही, तेही याच कारणाने. मॅट्रिक्स आतून एक सलग व्हेक्टर (घटकांची एक रांग) आहे, त्याला फक्त 'डिम' नावाचा गुणधर्म चिकटवलेला. ओळी-कॉलमांची नावे 'डिमनेम्स' या वेगळ्या गुणधर्मात राहतात. ती दोन घटकांची लिस्ट असते, पहिला ओळींसाठी, दुसरा कॉलमांसाठी, आणि यातला कुठलाही 'नल' असू शकतो. मॅट्रिक्सचे 'नेम्स' विचारले की आर त्या सलग व्हेक्टरमधल्या एकेका घटकाचे नाव शोधते. ते नसते, म्हणून 'नल'.

इथपर्यंत ठीक आहे. घोटाळा होतो तो नावे देताना. तीन ओळी आणि दोन कॉलमांच्या मॅट्रिक्सला 'नेम्स' वापरून दोन नावे दिली तर एरर येत नाही. पहिल्या दोन घटकांना ती नावे चिकटतात, उरलेल्या चार घटकांची नावे 'एनए' (गहाळ) होतात आणि कॉलम बिननावाचेच राहतात. मॅट्रिक्स छापून बघितला की खाली 'नेम्स' गुणधर्माची एक विचित्र शेपटी दिसते, तीच याची खूण. म्हणून एक सवय लावून घ्या: मॅट्रिक्स असो वा डेटा फ्रेम, कॉलमांसाठी 'कॉलनेम्स' आणि ओळींसाठी 'रोनेम्स'. दोन्ही फंक्शने दोन्हीकडे चालतात. फरक एवढाच की नावे नसलेल्या मॅट्रिक्सवर 'रोनेम्स' हे 'नल' देते, डेटा फ्रेमवर मात्र काही ना काही नक्की देते, कारण डेटा फ्रेमला ओळींची नावे नसणे ही शक्यताच आरमध्ये नाही.

ही नावे येतात कुठून? तुम्ही काही दिले नाही तर आर १ पासून क्रमांक देते आणि तेही काटकसरीने: आत फक्त दोन पूर्णांक ठेवते, एक 'एनए' आणि एक ओळींची संख्या ऋण चिन्हासह. कोटभर ओळी असल्या तरी या क्रमांकांना जागा लागत नाही. तुम्ही विचारलेत की ते अक्षरांत रूपांतरित करून दाखवते. अडचण तेव्हा सुरू होते जेव्हा तुम्ही काही ओळी निवडता. त्या क्षणी आर जुने क्रमांक सांभाळून ठेवते, आणि ते क्रमांक आता क्रमांक राहत नाहीत, नावे होतात.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. आरसोबत येणारा 'एअरक्वालिटी' हा डेटा घ्या: न्यूयॉर्कमधली १९७३ सालची मे ते सप्टेंबरची रोजची मोजमापे, १५३ ओळी, ६ कॉलम. त्यातून 'सबसेट' वापरून ओझोन १०० पेक्षा जास्त असलेले दिवस काढा. सात ओळी मिळतात, आणि त्यांची नावे असतात ३०, ६२, ८६, ९९, १०१, ११७, १२१. आता या सात ओळींच्या डेटा फ्रेममधून तिसरी ओळ मागा. आकडा ३ दिला तर स्थानाने तिसरी ओळ येते, म्हणजे ८६ नावाची, ओझोन १०८. तोच ३ अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षर म्हणून दिला तर? ३ नावाची ओळ इथे नाही, तेव्हा एरर यावा किंवा 'एनए' यावे असे कुणालाही वाटेल. पण येते ती ३० नावाची ओळ, ओझोन ११५. कारण डेटा फ्रेममधून वाचताना आर ओळींची नावे अर्धवट जुळवते: दिलेल्या अक्षरांनी सुरू होणारे नाव एकच असेल तर तेच तुम्हाला हवे आहे असे ती धरून चालते. ३ ने सुरू होणारे नाव इथे एकच आहे. त्याच न्यायाने ८ मागितले तर ८६, ९ मागितले तर ९९. आणि १ मागितले तर तीन नावे जुळतात, मग निवड होत नाही आणि सगळ्या खणांत 'एनए' असलेली ओळ हाती येते. वॉर्निंग यांपैकी कशालाच नाही.

हा बग नाही, तसे मदत-पानावर लिहिलेलेही आहे. पण ते पान शेवटपर्यंत वाचणारे थोडे. आणि हा आकडा अक्षर होऊन कसा येतो हे विचाराल, तर लूपमध्ये 'नेम्स' वरून फिरताना, 'पेस्ट' मधून बाहेर पडताना, किंवा दुसऱ्या फाइलमधला आयडी अक्षर म्हणून वाचला गेला की हमखास येतो.

यापेक्षाही वाईट प्रकार लिहिताना होतो. आरसोबतच्याच 'एमटीकार्स' या डेटामध्ये ३२ गाड्या आहेत आणि गाडीचे नाव कॉलममध्ये नाही, ओळीच्या नावात आहे. ओळीच्या जागी 'फेरारी' आणि कॉलमच्या जागी 'एमपीजी' असे मागितले तर १९.७ मिळते. गाडीचे पूर्ण नाव 'फेरारी डिनो' आहे, पण अर्धवट जुळणीने काम भागले. आता त्याच पत्त्यावर २० लिहा. लिहिताना मात्र आर अर्धवट जुळवत नाही, नाव तंतोतंत हवे. 'फेरारी' नावाची ओळ नाही, म्हणून ती नवी ओळ तयार करते. डेटा फ्रेममध्ये आता ३३ ओळी आहेत, शेवटच्या ओळीत 'एमपीजी' २० आणि बाकी दहा कॉलमांत 'एनए'. 'फेरारी डिनो' तशीच १९.७ वर. आणि तुम्ही खात्री करायला पुन्हा 'फेरारी' वाचलेत तर उत्तर २० येते, कारण आता त्या नावाची ओळ खरोखरच आहे! दुरुस्ती झाली असे समजून माणूस पुढे जातो, आणि महिन्याभराने सरासरीत 'एनए' का येते ते शोधत बसतो.

यावर उपाय सोपा आहे. ओळ नावाने हवीच असेल तर 'मॅच' फंक्शनने आधी तिचे स्थान काढा आणि त्या स्थानाने ओळ उचला. 'मॅच' तंतोतंत जुळवते आणि नाही सापडले तर 'एनए' देते, ते तपासता येते. त्याहून चांगले म्हणजे गाडीचे नाव कॉलममध्ये घ्या आणि बरोबरीच्या अटीने निवडा. मॅट्रिक्समध्ये हा त्रास नाही, तिथे चुकीचे नाव दिले की 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स' म्हणून सरळ एरर येतो. एकाच भाषेत, एकाच चौकटी कंसात, दोन रचनांचे दोन स्वभाव.

फिल्टरनंतरचे तुटक क्रमांक नको असतील तर 'रोनेम्स' ला 'नल' द्या, पुन्हा १ पासून सुरू होतात. पण थोडे थांबा. ते तुटक क्रमांक कधीकधी उपयोगी असतात. 'एअरक्वालिटी' मध्ये ओझोनच्या ३७ नोंदी गहाळ आहेत. वाऱ्यावरून ओझोनचे साधे 'एलएम' (सरळ रेषेचे) मॉडेल बसवले तर ते ११६ ओळींवर बसते आणि उरलेले फरक, म्हणजे रेसिड्युअल, ११६ च मिळतात. ते मूळ डेटाला कॉलम म्हणून जोडायला गेलात तर ११६ आणि १५३ जुळत नाहीत म्हणून एरर येतो. पण त्या रेसिड्युअलना मूळ ओळींची नावे चिकटलेली असतात, आणि त्या नावांनी प्रत्येक आकडा आपल्या ओळीत नेऊन ठेवता येतो. मॉडेलिंगची बहुतेक जुनी फंक्शने ओळींची नावे अशी पुढे नेतात. (याच कामासाठी 'एनए.एक्स्क्लूड' हा पर्यायही आहे, त्याने रेसिड्युअल १५३ येतात, गहाळ जागी 'एनए' सह. मला तो जास्त बरा वाटतो.) तेव्हा क्रमांक पुसायचे ते मॉडेलचे निकाल परत जोडून झाल्यावर.

आणि चौकटी कंसात थेट अट लिहून फिल्टर करणाऱ्यांसाठी एक: ओझोन १०० पेक्षा जास्त, एवढीच अट तिथे लिहिली तर ७ नाही, ४४ ओळी येतात. जास्तीच्या ३७ ओळी पूर्ण 'एनए' असतात आणि त्यांची नावे 'एनए', 'एनए.१', 'एनए.२' अशी. ही नावे दिसली की समजा, अटीत गहाळ नोंदी शिरल्या आहेत. 'सबसेट' किंवा 'व्हिच' वापरले की त्या गळतात.

न मागता येणारी नावे हा आणखी एक प्रकार. 'डेटा.फ्रेम' फंक्शनला तुम्ही नावे असलेला व्हेक्टर दिला तर ती नावे आपोआप ओळींची नावे होतात. 'सॅप्लाय' किंवा 'टीअॅप्लाय' मधून आलेल्या सरासऱ्यांना गटांची नावे असतातच, त्यांतून डेटा फ्रेम केली की गट ओळीच्या नावात जाऊन बसतो. दिसायला छान दिसते. पुढे 'मर्ज' केले की ती नावे गेली, कारण 'मर्ज' ओळींची नावे पुढे नेत नाही. आणि त्या व्हेक्टरच्या नावांत एक जरी नाव दोनदा आले असेल तर आर ती सगळीच नावे काही न बोलता टाकून देते आणि १, २, ३ लावते. म्हणजे एका महिन्याच्या डेटावर चाललेला कोड पुढच्या महिन्यात वेगळे वागतो. तसेच 'डू.कॉल' आणि 'आरबाइंड' ने नावे असलेली लिस्ट जोडली की 'उत्तर.१', 'उत्तर.२' छापाची नावे तयार होतात. यांतून गटाचे नाव परत काढायला लोक टिंबावर तोडणारे रेजेक्स (मजकुरातले साचे शोधणारे सूत्र) लिहितात, आणि मूळ गटाच्या नावातच टिंब असले की फसतात. जोडण्याआधी प्रत्येक तुकड्यात गटाचा कॉलम घाला. दोन ओळींचे काम आहे.

आता मॅट्रिक्स. तिथे नावे द्याच, असे मी म्हटले, पण ती दिली म्हणजे आर ती पाळेल असे नाही. दोन मॅट्रिक्सची बेरीज केली तर आर फक्त स्थाने बघते. पहिल्यात कॉलम 'अ, ब, क' आणि दुसऱ्यात 'क, अ, ब' असले तरी पहिला अधिक पहिला. उत्तराला नावे पहिल्या मॅट्रिक्सची लागतात, त्यामुळे निकाल अगदी सोज्वळ दिसतो. 'आरबाइंड' चेही तेच: मॅट्रिक्स एकाखाली एक जोडताना कॉलम स्थानाने जुळतात आणि नावे पहिल्याची घेतली जातात. डेटा फ्रेमवर हेच 'आरबाइंड' कॉलम नावाने जुळवते, आणि नावे जुळली नाहीत तर एरर देते. याचा अर्थ, वाटेत कुठे 'अॅज.मॅट्रिक्स' आले तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा कोड वेगळ्या नियमांनी चालतो. पुनरावलोकनाला कुणाचा कोड आला की मी आधी हे रूपांतर कुठे झाले ते शोधतो.

म्हणून मॅट्रिक्सवर क्रिया करण्याआधी नावांची तपासणी लिहून ठेवावी: 'आयडेंटिकल' ने दोन्हींची 'कॉलनेम्स' सारखी आहेत का बघा, आणि 'स्टॉपइफनॉट' मध्ये ते गुंडाळा. जनुकांच्या अभिव्यक्तीवर काम करणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेले असते. त्यांच्याकडे ओळीत जनुके, कॉलमात नमुने असा मोठा मॅट्रिक्स असतो आणि नमुन्यांची माहिती वेगळ्या तक्त्यात, एका ओळीत एक नमुना. मॅट्रिक्सच्या कॉलमांची नावे आणि तक्त्यातल्या ओळींची नावे एकाच क्रमात नसली तर रोगी आणि निरोगी यांची अदलाबदल होते, आणि निष्कर्ष मात्र छापण्याजोगे निघतात. 'डेसेक२' सारखे जनुकांच्या अभिव्यक्तीची तुलना करणारे पॅकेज म्हणूनच तोच संच वेगळ्या क्रमात दिसला तरी स्वतः क्रम लावत बसत नाही, थांबते. क्रम लावणे तुमचे काम. दुसऱ्या तक्त्यातल्या ओळी पहिल्याच्या 'कॉलनेम्स' नुसार 'मॅच' ने लावून घ्या आणि मग तपासा, उलट नको. (याच क्षेत्रात नावे स्प्रेडशीटमधून जाताना तारखा होऊन बसायची. सेप्ट१ आणि मार्च१ या जनुकांची चिन्हे शेवटी बदलून सेप्टिन१ आणि मार्चएफ१ केली गेली आणि २०२० च्या नामकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत या प्रकाराची दखल घेतली गेली.)

मॅट्रिक्समधून एकच ओळ किंवा एकच कॉलम काढला की आर त्याचा व्हेक्टर करते. एका ओळीचा व्हेक्टर झाला तर कॉलमांची नावे त्याला लागतात, पण ओळीचे स्वतःचे नाव हरवते. फंक्शनच्या आत, जिथे किती ओळी निवडल्या जातील हे आधी माहीत नसते, तिथे 'ड्रॉप' ला 'फॉल्स' देणे मी सक्तीचेच धरतो. त्याने आकारही टिकतो आणि दोन्हीकडची नावेही.

कॉलमांच्या नावांकडे वळू. ती डेटा फ्रेममध्ये द्यायचीच असतात, वाद नाही. तिथला पहिला उपद्व्याप 'चेक.नेम्स' चा, म्हणजे कॉलमांची नावे आरच्या नियमांत बसवणाऱ्या पर्यायाचा. 'स्टेट.एक्स७७' हा ५० ओळी, ८ कॉलमांचा मॅट्रिक्स घ्या. त्यात 'लाइफ एक्स्प' असे मध्ये जागा असलेले कॉलमचे नाव आहे. 'अॅज.डेटा.फ्रेम' ने रूपांतर केले तर नाव तसेच राहते. 'डेटा.फ्रेम' ने केले तर जागेच्या ठिकाणी टिंब येते, 'लाइफ.एक्स्प'. दिसायला एकसारखी दोन फंक्शने, आणि पुढचा नावावर अवलंबून असलेला कोड एकावर चालतो, दुसऱ्यावर नाही. 'रीड.सीएसव्ही' सुद्धा मुळात नावे अशी 'शुद्ध' करते: २०१९ हे शीर्षक 'एक्स२०१९' होते, आणि जागा असलेले व आडवी रेघ असलेले एकेक नाव शुद्धीनंतर एकच होत असेल तर दुसऱ्याला '.१' लागते. माझे मत असे की वाचताना 'चेक.नेम्स' बंद ठेवावे आणि नावे बदलायची ती स्वतः, एका जागी, डोळ्यांसमोर बदलावीत. मूळ शीर्षक आणि कोडमधले नाव यांचा छोटा तक्ता ठेवला तर अहवाल छापताना मूळ शीर्षके परत लावता येतात.

नाव बदलताना स्थान कधी वापरू नका. 'तिसऱ्या कॉलमचे नाव वजन' असे लिहिले आणि उद्या फाइलमध्ये मध्येच एक कॉलम वाढला, की वजनाच्या नावाखाली उंची जाते. प्रचलित पद्धत म्हणजे जुन्या नावाशी बरोबरी तपासून ते स्थान काढणे आणि तिथे नवे नाव घालणे. ही स्थानापेक्षा बरी, पण तिच्यातही फट आहे: जुने नाव सापडलेच नाही तर काहीच होत नाही, आणि आर गप्प. 'डीप्लायआर' या पॅकेजचे 'रिनेम' आणि 'डेटा.टेबल' या पॅकेजचे 'सेटनेम्स' इथे एरर देतात, म्हणून मी ती वापरतो. 'सेटनेम्स' बद्दल एक सावधगिरी: ते जागच्या जागी बदल करते. आधी 'नेम्स' चा निकाल एखाद्या चलात ठेवला असेल, तर ते जुने चलही नव्या नावांवर जाते. जुनी नावे हवी असतील तर 'कॉपी' करून ठेवा.

डॉलर चिन्हाने कॉलम काढताना पुन्हा तोच अर्धवट जुळणीचा खेळ आहे. 'एमटीकार्स' वर डॉलर आणि नुसते 'एम' लिहिले तरी 'एमपीजी' कॉलम मिळतो, कारण एम ने सुरू होणारा तो एकटाच. 'डी' लिहिले तर दोन कॉलम जुळतात, म्हणून 'नल'. आणि त्याच 'एम' मध्ये काही लिहिले तर नवा कॉलम. म्हणजे फेरारीची गोष्टच, फक्त आडवी. 'वॉर्नपार्शलमॅचडॉलर' हा पर्याय चालू केला तर निदान वॉर्निंग तरी येते. प्रत्येक प्रकल्पाच्या सुरुवातीला तो चालू करून टाका.

इतर रचनांविषयी थोडक्यात. 'टिबल' या डेटा फ्रेमच्या नव्या प्रकारात ओळींच्या नावांना स्थान नाही, आणि डेटा फ्रेमचे टिबल करताना ती टाकून दिली जातात. हवी असतील तर रूपांतराच्या वेळीच 'रोनेम्स' पर्यायात कॉलमचे नाव द्या, किंवा आधी 'रोनेम्स_टू_कॉलम' चालवा. 'डेटा.टेबल' मध्येही ओळींची नावे नाहीत, 'कीप.रोनेम्स' दिले तर 'आरएन' नावाचा कॉलम मिळतो. पायथन भाषेच्या 'पांडाज' या पॅकेजमध्ये मात्र उलट टोक आहे. तिथला इंडेक्स, म्हणजे ओळींची नावे, हा नुसता शोभेचा नाही, त्यावर बेरीज-वजाबाकी चालते: दोन सिरीज (एकेक कॉलम) मिळवल्या तर घटक इंडेक्सने जुळतात, स्थानाने नाही. मॅट्रिक्सच्या बाबतीत आर जे करत नाही ते इथे आपोआप होते. त्याची किंमत अशी की फिल्टर केलेल्या डेटा फ्रेममध्ये नवी ० पासून मोजलेली सिरीज कॉलम म्हणून टाकली की अर्धा कॉलम 'नॅन' (गहाळ) होतो. शिवाय तिथे इंडेक्सची पुनरावृत्ती चालते, त्यामुळे 'लॉक' ने एका नावावर कधी एक ओळ, कधी चार ओळी येतात. स्थानासाठी 'आयलॉक', नावासाठी 'लॉक', ही शिस्त पाळली आणि फिल्टरनंतर गरज नसेल तिथे 'रीसेट_इंडेक्स' केले तर निभावते. 'रिनेम' मात्र तिथेही न सापडलेल्या नावाकडे दुर्लक्ष करते, 'एरर्स' पर्यायाला 'रेझ' सांगितल्याशिवाय.

राहिला तुमचा फाइल वाचतानाचा एरर. आरचा नियम असा: शीर्षकाच्या ओळीत खालच्या ओळींपेक्षा एक खण कमी असेल, तर पहिला कॉलम ओळींच्या नावांचा आहे असे धरायचे. 'राइट.टेबल' तशाच फाइली लिहिते, म्हणून हा नियम आहे. पण यंत्रांतून किंवा इतर सॉफ्टवेअरमधून निघालेल्या अनेक फाइलींत डेटाच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचा स्वल्पविराम असतो आणि शीर्षकात नसतो. आरला वाटते शीर्षकात एक खण कमी आहे. मग तुमचा पहिला कॉलम, समजा तारीख, ओळींचे नाव व्हायला जातो, तारखा पुन्हा पुन्हा येतात, आणि एरर.

इथे हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'रो.नेम्स' ला 'नल' द्या. एरर जातो खरा, पण आर पहिल्या कॉलमला 'रो.नेम्स' असे नाव देते आणि बाकी सगळी शीर्षके एक घर उजवीकडे सरकतात. तारखेच्या नावाखाली तापमान, तापमानाच्या नावाखाली आर्द्रता, आणि शेवटच्या शीर्षकाखाली रिकामा कॉलम. एररपेक्षा हे वाईट. आणि तुमच्या पहिल्या कॉलममध्ये पुनरावृत्ती नसती तर एररही आला नसता, फाइल सरकलेल्या शीर्षकांसह वाचली गेली असती. तेव्हा या एररचे आभारच माना.

आधी 'काउंट.फील्ड्स' ने प्रत्येक ओळीत किती खण आहेत ते मोजा. पहिल्या ओळीचा आकडा बाकीच्यांपेक्षा एकने कमी निघाला तर स्वल्पविरामाचेच कारण आहे. मग शीर्षकाची ओळ वेगळी वाचा, बाकीचा डेटा 'हेडर' बंद ठेवून आणि एक ओळ सोडून वाचा, शेवटचा कॉलम खरोखर पूर्ण 'एनए' आहे का ते तपासून काढून टाका, आणि शीर्षके स्वतः लावा. लावण्याआधी शीर्षकांची संख्या आणि कॉलमांची संख्या सारखी आहे का, ही तपासणी 'स्टॉपइफनॉट' मध्ये असू द्या. आणि स्वतः सीएसव्ही लिहिताना 'राइट.सीएसव्ही' ला 'रो.नेम्स = फॉल्स' द्या, नाहीतर पुढच्या वाचणाऱ्याला 'एक्स' नावाचा एक आगंतुक कॉलम मिळतो, आणि तो मग त्यालाच आयडी समजून 'मर्ज' करायला निघतो.